रस आणि साल

कोल्हापुरात मटणाच्या ताटाशेजारी दोन वाट्या येतात. एकीत तांबडा, एकीत पांढरा. यातला सरस कुठला, असं कुणी विचारत बसत नाही. पांढऱ्याचा एक भुरका, तांबड्याचा एक, पुन्हा पांढरा. तांबड्यानं लावलेली आग पांढरा विझवतो आणि पांढऱ्याचा मऊपणा तांबड्यावाचून नीट कळत नाही. आज तसंच बसायचंय. वाट्यांच्या जागी काचेचे दोन प्याले आणि दोन्हींतलं फ्रान्सच्या बर्गंडीतून आलेलं.

तासभर हाताशी ठेवा. घरात उदबत्ती नको, नुकतीच दिलेली फोडणी नको, मोगऱ्याचा गजरा असेल तर तो दुसऱ्या खोलीत. समोर पांढरा कागद अंथरा. पाण्याचा तांब्या ठेवा आणि एक रिकामं भांडं. भांडं थुंकायला आहे आणि त्यात वावगं काही नाही. ज्यांचं पोटच वाइन चाखण्यावर चालतं ते सगळे थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत त्यांना तांबडं-पांढरंही ओळखू येणार नाही. प्रत्येक प्याल्यात ५० मिलिलिटर पुरे. जे पीत नाहीत त्यांनीही बसावं. चिंच, आवळा, दही आणि जास्त उकळलेला कोरा चहा या चार गोष्टी जिभेला आठवत असतील, तर निम्मं काम त्यांच्यावर होऊन जातं.

तांबडी वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६-१७ अंशांची. मे महिन्यातल्या पुण्यातली नव्हे. तेव्हा तांबडीलाही अर्धा तास फ्रिजमध्ये बसू द्या आणि पांढरीला वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार वाइनचा वास मुका होतो. फार गरम झाली की नुसतं अल्कोहोल नाकात चढतं.

आता बसा. अजून प्याल्याला हात लावू नका.

डावीकडे मर्सो गावची पांढरी, शार्डने जातीच्या द्राक्षांची. उजवीकडे वोलने गावची तांबडी, पिनो न्वार जातीची. बोन शहराच्या दक्षिणेला ही दोन गावं एकमेकांना खेटून आहेत. चुनखडीचा तोच उतार, पूर्वेकडे तोंड केलेला, सकाळचं ऊन आधी घेणारा. या दोन गावांच्या शिवेवर सांतनो नावाची बाग आहे. तिची गंमत अशी की जमीन मर्सोच्या शिवारात आहे. आपल्या भाषेत सातबारा मर्सोचा. तिथे शार्डने लावली तर वाइनच्या लेबलावर मर्सो असं नाव येतं. पण त्याच बागेत पिनो न्वार लावलं तर वाइन वोलने-सांतनो या नावानं विकली जाते. वोलने या नावाखाली पांढरी वाइन विकताच येत नाही. म्हणजे माती हलत नाही, बांध हलत नाही, फक्त द्राक्षाचा रंग बदलतो आणि बाटलीचं गाव बदलतं. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचंही डोकं फिरेल अशी ही नोंद आहे. मला मात्र ती फार आवडते.

दुसरी नोंद रक्ताच्या नात्याची. १९९९ साली द्राक्षांच्या जातींचा डीएनए तपासून संशोधकांनी दाखवून दिलं की शार्डने ही पिनोची लेक. दुसरा पालक गूए ब्लां नावाचं पांढरं द्राक्ष, शेतकऱ्यांच्या घरचं, मान नसलेलं, आता बागांतून जवळपास दिसेनासं झालेलं. या जोडप्याला त्या तपासणीत सोळा अपत्यं निघाली. त्यांतलंच एक गामे. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं गामेचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला होता. भरपूर पिकतं पण चव हलकी, अशी तक्रार. हुकूम काढणाऱ्याला काय ठाऊक, की आपण पिनोच्या पोरालाच घराबाहेर काढतोय.

तर समोर पालक आणि लेक आहेत. आता बघा.

प्याला देठाला धरा, कागदावर थोडा कलता करा. पांढरी पांढरी नाही. वाळत्या गवताच्या काडीचा रंग, किंवा कढवलेलं साजूक तूप पातळ असताना दिसतं तसा. तांबडीही फारशी तांबडी नाही. तिच्यामागे बोट धरलं तर नख दिसतं. पिनोची साल पातळ, रंग द्यायला कंजूष. कडेकडे नजर न्या. कडेला गुलाबी झाक असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर वय झालेलं. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत जाते आणि तांबडी फिकट. एक सोन्याकडून मधाकडे जाते, दुसरी माणकाकडून विटेकडे. खूप वर्षं राहिल्या तर दोघी एकाच तपकिरी रंगाशी येऊन भेटतात.

मग सुरुवातीला इतक्या वेगळ्या कशानं?

मागच्या फेब्रुवारीत याच दोन गावांच्या दोन बाटल्या घेऊन मी निफाड तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामा माळकरी. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण चाळीस वर्षं द्राक्ष पिकवलंय. मी वाइनचं काहीबाही सांगत होतो. ते उठून बागेत गेले, शरद सीडलेसचा एक काळाभोर घड घेऊन आले, एक मणी चिमटीत धरला आणि बशीत दाबला. बशीत जो रस पडला तो हिरवट, जवळपास पाण्यासारखा. काळेपण सगळं त्यांच्या बोटांत राहिलेल्या सालीला.

“रसाला कुठं रंग असतो,” ते म्हणाले.

बहुतेक सगळ्या काळ्या द्राक्षांचं हेच आहे. पांढरी वाइन करायची तर घड आले की लगेच दाबतात, साल आणि बिया बाजूला जातात, एकटा रस आंबतो. शँपेनमध्ये तर काळ्या द्राक्षांपासूनही अशी पांढरी वाइन करतात. तांबडीसाठी साल रसातच ठेवतात. वोलनेसारख्या गावात ती दोन-तीन आठवडे तशी असते. रस खदखदायला लागला की वायूच्या जोरावर साली वर येऊन जाड थर धरतात. तिकडे त्याला टोपी म्हणतात. ती टोपी रोज खाली दाबावी लागते. पूर्वी माणसं पिंपात उतरून पायांनी दाबत, अजूनही काही जण दाबतात. रंग, तुरटपणा, वासाचा मोठा भाग, सगळं त्या सालीतून झिरपून येतं.

म्हणून डावीकडच्या प्याल्यात रस आहे आणि उजवीकडच्यात रस आणि साल. पुढचा सगळा वेळ एवढंच लक्षात असू द्या.

मामांना आणखी एक गोष्ट पटेना. खायच्या द्राक्षात मणी फुगवायची धडपड असते. जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात, विरळणी करतात, मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. वोलनेवाल्याला मात्र मणी लहान हवा असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. “म्हणजे आमी ज्याला फेल गेला म्हणतो त्याची ते वाइन करतात,” मामा म्हणाले. मी मान डोलावली. यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

आता वास. प्याला आधी हलवू नका. पांढऱ्यावर नाक न्या, एकदा हुंगा, बाजूला व्हा. नाव शोधू नका. नाव शोधायला लागलं की नाक बंद होतं आणि डोकं चालू होतं. दोन श्वास साधे घ्या. आता प्याला हळू फिरवा, वाइन काचेवर चढू द्या, आणि परत हुंगा.

इंग्रजीत वाइनची वर्णनं वाचली की गूजबेरी, ब्लॅककरंट, अशी फळं येतात. मी चाळिशी ओलांडेपर्यंत ब्लॅककरंट पाहिलं नव्हतं. पाठ करून त्याचा वास येतो म्हणणं म्हणजे न पाहिलेल्या सासऱ्याची आठवण काढणं. तुमच्या नाकाला जे येईल तेच खरं. मर्सोच्या वाइनमध्ये मला लोणी येतं. ताजं, रवीवर चिकटलेलं. पुष्कळांना येतं, आणि त्याला कारण आहे. द्राक्षात हिरव्या सफरचंदातलं आम्ल असतं, मॅलिक. बर्गंडीत पिपात वाइन मुरताना जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे आपल्या दह्यातलं. आंबटाचा बोचरेपणा जातो आणि त्या कामात लोण्याच्या वासाचं द्रव्यही थोडं तयार होतं. युरोपातल्या तळघरात आणि आजीच्या विरजणाच्या भांड्यात काम करणारी मंडळी एकाच घराण्यातली आहेत. लोण्यामागे भाजलेल्या बदामासारखं काही येतं का बघा. ते थोडं ओकच्या पिपाचं देणं. तिथलं पीप २२८ लिटरचं, आतून आगीवर शेकलेलं.

तांबडीकडे वळताना मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. नाक घरी परतल्यासारखं होतं. मग प्याला. पिकलेलं जांभूळ? करवंद? वाळलेल्या गुलाबपाकळ्या? श्रावणात झाडाखाली कुजत आलेल्या पानांचा ओलसर वास? मला दर वेळी दुसरंच काहीतरी येतं आणि मी ते लिहून ठेवत नाही.

इथे एक खेळ करा. डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी प्याले अदलाबदल करायला सांगा. नुसत्या वासावर सांगा, तांबडी कुठली. वाटतं तितकं सोपं नाही. २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन वासहीन तांबड्या रंगानं रंगवूनही दिली. रंगवलेल्या वाइनच्या वासाला विद्यार्थ्यांनी तांबड्या वाइनसाठी वापरतात ते शब्द दिले. लोक हा किस्सा तज्ज्ञांना हसायला सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. डोळा आधी पोचतो आणि नाकाची खुर्ची अडवून बसतो, हे आपल्या सगळ्यांचंच आहे.

मामांनाही मी हा खेळ खेळायला लावला. वासाला हरकत नाही म्हणाले. त्यांनी पांढऱ्याला तांबडी ठरवलं. “ह्याच्यात लाकूड हाये,” असं कारण दिलं. उत्तर चुकलं होतं. लाकूड मात्र होतं.

आता तोंड.

पांढरीचा लहान घोट. गिळू नका. जिभेखाली, गालांत, हिरड्यांवर जाऊ द्या. तीन-चार सेकंदांत जबड्याच्या कोपऱ्यातून पाणी सुटायला लागेल. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टरिक, आणि तेच चिंचेत आहे. एखाद्या गार बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला बारीक चकाकते खडे लागलेले असतात, ते याच आम्लाच्या क्षाराचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा काच फुटली समजून मी अख्खी बाटली मोरीत ओतली होती. अजून आठवलं की वाईट वाटतं.

ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढा. आवाज होईल, होऊ द्या, ताक भुरकताना होतोच. ती हवा वास घशामागून नाकात नेते. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा या मागच्या दारानं येतो. म्हणून तर सर्दीत आमटी पाणचट लागते. आता गिळा किंवा थुंका, आणि मोजायला लागा. एक, दोन, तीन. चव विझेपर्यंत. फ्रेंचांनी यासाठी कोदाली नावाचं मापच केलंय, एक सेकंद म्हणजे एक कोदाली. मापाचं महत्त्व फार नाही. पण मोजताना माणूस गप्प बसतो.

पाणी प्या. आता तांबडीचा घोट.

आधी तीही आंबटगोडच वाटेल. मग जीभ टाळूला लावून बघा. जिथे मघाशी पाणी सुटलं होतं तिथे आता कोरडं, खरखरीत. आवळा चावल्यावर, कच्ची केळी सोलून बोट चाटल्यावर, चहा विसरून जास्त उकळल्यावर होतं ते. तुरट. इंग्रजीत याला शब्द आहे, पण जेवताना तो कुणी वापरत नाही. आपल्याकडे सहा रसांत तुरटाला कायमची जागा आहे आणि आवळ्याबद्दल पाच वर्षांचं पोरही तो शब्द बोलतं. वाइन चाखायला बसलेल्या मराठी माणसाची ही वडिलोपार्जित मिळकत समजा. नेमकं बघायचं तर ही जिभेची चव कमी आणि स्पर्श जास्त. सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचं बुळबुळीत अस्तर निघून जातं आणि तोंडाची आतली कातडी एकमेकीला घासते. पांढरी तोंडाला पाणी आणते, तांबडी ते पुसून घेते.

घोट गेल्यावर बघा, तुरटपणा कुठे बसलाय. हिरड्यांवर? जिभेच्या मध्यावर? खडबडीत पोत्यासारखा आहे की मऊ पंचासारखा? वोलनेचं नाव आहे ते तलमपणासाठी. इटलीतल्या बारोलोत, नेबियोलो द्राक्षाच्या वाइनमध्ये, रंग असाच फिका आणि तुरटपणा मात्र सुपारी चावल्यासारखा. फिक्या रंगाची वाइन सौम्य असते, असं तिच्या बाबतीत धरून चाललात तर पहिल्या घोटालाच कळतं.

आता परत पांढरी. पाणी न पिता.

हा घोट माझ्या मते संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा. मघाची तीच वाइन, त्याच प्याल्यातली. पण खरखरीत झालेल्या जिभेवर ती वेगळीच उतरते. आंबटपणा टोकदार होतो, लोणी मागे सरतं, आणि मघाशी अजिबात न जाणवलेला किंचित खारट दगडीपणा पुढे येतो. पहिल्या घोटाच्या वेळी तो नव्हता का? होता बहुतेक. मग परत तांबडी घ्या. यावेळी तिच्यातलं फळ आधी येईल, तुरट मागाहून. अशा तीन-चार फेऱ्या करा. सावकाश. मध्ये एखादा पावाचा तुकडा, बिनमिठाचा. चीज आत्ता नको. चीज सगळ्या वाइनची उणीदुणी झाकतं.

या फेऱ्यांमध्ये मनात एक आवाज उठेल: यातली जास्त चांगली कुठली? गुण किती? दुकानात शंभरापैकी आकडे लावलेल्या चिठ्ठ्या असतात, आणि ज्याला एक बाटली घेऊन घरी जायचंय त्याला आकड्याचा उपयोग आहे, नाही कशाला म्हणू. इथे बसलेल्याला नाही. आवाज उठला की प्याला खाली ठेवा, कागदाकडे बघा, आणि विचारा, मघाच्या घोटात नव्हतं असं यात काय आलं. उत्तर आलं नाही तरी चालेल.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. दोन्ही प्याले खोलीइतके उबदार व्हायला लागलेत. परत हुंगा. पांढरीत मध, किंवा बेकरीच्या दारातला भाजक्या पावाचा वास मोकळा झाला असेल. तांबडीत अल्कोहोल वर यायला लागलं असेल. तसं असेल तर तिचं आजचं बोलणं संपलं. मर्सो अजून थोडं बोलेल.

मामांकडे त्या रात्री मीच एकटा चाखत होतो आणि मामा समोर खाटेवर बसून वेलींचं सांगत होते. त्यांची बाग डॉगरीज खुंटावर आहे. हा खुंट मूळचा अमेरिकेचा, खाऱ्या पाण्याला आणि ओढीला दाद न देणारा. मी सांगितलं की बर्गंडीतले वेलही अमेरिकन खुंटांवरच कलम केलेले आहेत. तिकडे एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाल्ली आणि अमेरिकन मुळांना ती कीड मारू शकत नाही, म्हणून. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे खालनं आपण सोयरेच की.” मग त्यांनी विचारलं, तिकडं वर्षाला छाटण्या किती. एकच, मी म्हणालो. हिवाळ्यात वेल झोपतो, एप्रिलमध्ये डोळा फुटतो, सप्टेंबरच्या सुमाराला घड. फुटलेल्या डोळ्यावर हिमाचं दव पडलं तर रातोरात पीक जातं, म्हणून थंडीच्या रात्री बागेत ओळींमधून मेणाचे मोठे दिवे पेटवतात. मामांकडे दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. झोपू न दिलेले वेल. “दिवे लावत्यात,” एवढंच ते स्वतःशी बोलले.

मी प्याले मोरीशी नेऊन ठेवले, सकाळी धुऊ म्हणून. तुम्हीही रात्री धुऊ नका. तळाला राहिलेला थेंब रात्रभर वाळतो आणि रिकाम्या काचेत असा वास धरून राहतो, जो भरल्या प्याल्यात कधी आला नव्हता.

सकाळी उठलो तेव्हा मामा अंघोळ करून, गंध लावून मोरीशी उभे होते. पांढरीचा प्याला धुऊन पालथा घातलेला. तांबडीचा त्यांच्या हातात होता, नाकाशी. नळ चालूच होता.